आधी गोळी पाहा : ठासणीची रायफल आणि १८५७

१/ संग्रहालयांच्या शस्त्रदालनांत जुन्या बंदुका ओळीने टांगलेल्या असतात. खालच्या पाटीवर नाव, देश, शतक आणि लांबी एवढी माहिती असते. त्या नळीतून नेमके काय सुटत असे, हे मात्र क्वचितच लिहिलेले आढळते. माझे मत असे, की ठासणीच्या रायफलीचा इतिहास तिच्या गोळीवाचून कळत नाही. आणि १८५७ चा तर मुळीच कळत नाही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. #धागा #इतिहास

२/ प्रथम शब्द. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायची, ती ठासणीची बंदूक. हा शब्द अजून जिवंत आहे : कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. परंतु गुळगुळीत नळीची बंदूक ही रायफल नव्हे. जिच्या नळीच्या आत नागमोडी पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, ती रायफल. हा फरक ध्यानात ठेवा. पुढचे सर्व त्यावरच उभे आहे.

३/ खाचा कशासाठी? त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात. फिरता भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी फिरती गोळी आपली दिशा सांभाळते. परंतु गोळी फिरायची तर तिने खाचांना घट्ट धरले पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडातून खाली उतरवणे कष्टाचे. सैल असावी तर भरणे सोपे, पण नेम नाही. घट्ट असावी तर नेम आहे, पण भरता भरता शत्रू अंगावर येतो. साडेतीनशे वर्षे कारागीर आणि सेनाधिकारी या एकाच पेचात अडकले होते.

४/ यात तिसरा पक्ष आहे तो दारूचा. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात, धूर आणि राख होऊन उरतो. काही बार झाले, की नळीत किटण बसते. कोरड्या, उष्ण हवेत ते कडक होते. पहिल्या बाराला सहज उतरलेली गोळी दहाव्या बाराला अडून बसते. म्हणून गोळी निवडणे याचा अर्थ केवळ व्यास निवडणे नव्हे. तिच्यासोबत वंगण आणि हवामानही निवडावे लागते.

५/ सामान्य शिपायाने या पेचातून सोपी वाट काढली होती. ‘ब्राउन बेस’ या ब्रिटिश बंदुकीची नळी ०.७५ इंचांची, तर गोळी सुमारे ०.६९ इंचांची. म्हणजे दीड मिलिमीटरची मोकळीक. गोळी अक्षरशः घरंगळत खाली जाई. सराव झालेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण सुटताना तीच गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थ ठरे. म्हणूनच सैन्ये खांद्याला खांदा लावून उभी राहत आणि एकदम बार काढीत. ती रांग ही त्या सैल गोळीची गरज होती. तिला निव्वळ शिस्तीचे वेड म्हणणे अन्यायाचे.

६/ शिकाऱ्यांची गरज वेगळी. जर्मन प्रदेशांतील शिकारी आणि त्यांची विद्या घेऊन पेनसिल्व्हेनियात गेलेले बंदूककार यांनी चिंधीचा उपाय रूढ केला. नळीपेक्षा किंचित लहान, मऊ शिशाची गोल गोळी घ्यायची. तेलात वा चरबीत भिजवलेल्या कापडाच्या गोल तुकड्यावर ती ठेवायची. आणि दोन्ही मिळून खाली ठासायची. खाचा धरते ती चिंधी, आणि चिंधी गोळीला फिरवते. जाता जाता तीच चिंधी किटणही पुसते. युक्ती साधी आणि सुंदर.

७/ आकडा घेऊन पाहू. अर्ध्या इंचाच्या नळीसाठी ०.४९ इंचाची गोळी घेतली, तर चारी बाजूंनी पाच सहस्रांश इंच जागा उरते. दाबलेली चिंधी ती भरून काढते आणि खाचांतही शिरते. अशा शुद्ध शिशाच्या गोळीचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम भरते. चिंधी पातळ पडली तर ती जळते वा फाटते आणि गोळी भरकटते. जाड झाली तर गज मोडायची वेळ येते. शिकाऱ्याला वेळ असतो. तो हे जुळवून घेतो. लढाईत हा वेळ कोण देणार?

८/ ब्रिटिशांनी १८०० च्या सुमारास इझिकिएल बेकर यांची रायफल निवडक पलटणींना दिली. तिचा पीळ फार सैल : ३० इंचांच्या नळीत गोळी केवळ पाव फेरा घेई. गोल गोळीला तेवढे पुरते. घट्ट पिळात भरपूर दारूने सोडलेली गोल गोळी खाचा सोडून सरळ घसरत जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिला नियम असा : सैल पीळ गोल गोळीसाठी, घट्ट पीळ लांबट गोळीसाठी. जुनी नळी हाती आली, की तिचा पीळ मोजा; तिची गोळी कशी होती, याचे उत्तर पुष्कळसे त्यातच असते.

९/ बेकर रायफलीसोबत आरंभी गोळी ठोकून बसवायला लहान लाकडी हातोडे दिले गेले होते. ते पुढे सोडून द्यावे लागले. रणांगणावर एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात हातोडा, ही कल्पनाच पुरेशी बोलकी आहे. रायफलधारी शिपायांना घाईच्या प्रसंगासाठी लहान गोळ्यांची तयार काडतुसेही मिळत. नेम हवा तेव्हा चिंधी, जीव वाचवायचा तेव्हा काडतूस. एकाच माणसाच्या कमरेला दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, यावरून पेच किती खरा होता ते कळावे.

१०/ त्यानंतर आली ब्रन्सविक रायफल. हिच्या नळीत दोनच खोल खाचा, आणि गोळीला कमरपट्ट्यासारखी उंचवट्याची कड. कड खाचांत बसवून गोळी ठासायची. कागदावर ही रचना निर्दोष. प्रत्यक्षात थोडे किटण बसले, की पट्ट्याची गोळी हलेना. अंधारात, घाईत कड खाचेला लावणे हेही एक दिव्यच. माझ्या मते ब्रन्सविक हा एक चांगला धडा आहे : गोळी ज्याला भरायची आहे, त्याच्या हातांचा विचार न करता कार्यालयात केलेली निवड. हा धडा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

११/ मग पेच सुटला कसा? उत्तर असे : गोळी भरताना सैल असावी आणि सुटताना घट्ट व्हावी. फ्रान्समध्ये देल्विन्य यांनी नळीच्या तळाशी अरुंद कोठी ठेवली. गोळी तिच्या काठावर टेकवून गजाने ठोकली, की ती चपटी होऊन खाचांत शिरे. तूव्हनँ यांनी तळाशी खिळ्यासारखा खांब बसवला आणि त्यावर गोळी ठोकायची सोय केली. दोन्हींत गोळी पसरे, पण ठोकण्याने तिचा आकार बिघडे. पसरवण्याचे काम हाताकडून काढून दारूच्या स्फोटाकडे सोपवणे, ही शेवटची पायरी होती.

१२/ या पायरीची एक कथा दक्षिण हिंदुस्थानाशी जोडली जाते. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी तेथील फुंकनळीचे बाण पाहिले. त्यांच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे, तो फुंकरीने फुगून नळीच्या भिंतीला चिकटे आणि हवा निसटू देत नसे. त्यावरून नॉर्टन यांना पोकळ बुडाच्या लांबट गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. विल्यम ग्रीनर यांनी १८३६ मध्ये बुडात पाचर घातलेली गोळी पुढे आणली. लष्करी अधिकाऱ्यांनी ती नाकारली.

१३/ अखेर १८४० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिए यांची गोळी मान्य झाली : टोकदार, लांबट, बुडाशी पोकळ, आणि त्या पोकळीत लोखंडी वाटी. स्फोट झाला, की वाटी आत रेटली जाते आणि शिशाची कड फुलून खाचा धरते. ब्रिटिश सरकारने मिनिए यांना २०,००० पौंड दिले. ग्रीनर यांना कालांतराने १,००० पौंडांवर समाधान मानावे लागले. कमळाचा गाभा वापरणारे ते फुंकनळीवाले मात्र अनामच राहिले. शोधांच्या इतिहासात मान आणि मोल कसे वाटले जाते, याचा हा नमुना.

१४/ अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे जेम्स बर्टन यांनी लोखंडी वाटी काढून टाकली. पोकळीचा आकार नीट राखला आणि शिसे मऊ असले, तर नुसता वायूचा दाबही गोळी फुलवतो, हे त्यांनी दाखवले. येथे दुसरा नियम : फुलणारी गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच हवी. त्यात कथील वा अँटिमनी मिसळून ती कठीण केली, तर कड फुलत नाही आणि रायफल असूनही नसल्यासारखी होते. अमेरिकी यादवी युद्धात लाखो शिपायांच्या हाती ०.५८ इंचांच्या अशाच रायफली होत्या.

१५/ आता आपल्या कथेतील मुख्य पात्र : १८५३ ची एन्फिल्ड रायफल. नळी ३९ इंच लांब, व्यास ०.५७७ इंच, तीन खाचा, ७८ इंचांत एक फेरा. तिच्यासाठी निवडलेली प्रिचेट गोळी ०.५६८ इंच व्यासाची आणि सुमारे ३४ ग्रॅम वजनाची. त्याच व्यासाची गोल गोळी जेमतेम १८ ग्रॅम भरली असती. नळी तीच, वजन जवळजवळ दुप्पट. जड, लांबट गोळी हवेत आपला वेग अधिक काळ टिकवते. ब्राउन बेसचा शिपाई शंभर यार्डांवर थांबत असे. एन्फिल्डच्या माशीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

१६/ परंतु प्रिचेट गोळीची कड गुळगुळीत होती. वंगण धरायला तिच्या अंगावर वळी नव्हत्या. म्हणून गोळी कागदात गुंडाळलेली आणि तो कागदच वंगणात बुडवलेला. नळी व गोळी यांतील अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी. वंगण नसेल, तर किटणामुळे काही बारांतच गोळी अडणार. तेव्हा ‘इंग्रजांनी काडतुसाला चरबी का लावली?’ याचे पहिले उत्तर तांत्रिक आहे : निवडलेली गोळी वंगणावाचून चालणारीच नव्हती.

१७/ काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची सुरळी : एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला उलटी ठेवलेली गोळी. दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचे वंगण लावलेले टोक तोंडात घालायचे (नळीच्या तोंडात, माणसाच्या नव्हे), उरलेला कागद तोडून टाकायचा आणि ठासायचे. म्हणजे दात ज्या टोकाला लागत, ते वंगणाचे टोक नव्हते.

१८/ काही इंग्रज लेखकांचा सूर असा असतो, की एवढे साधे सत्य शिपायांना समजले नाही. मला हा युक्तिवाद पोकळ वाटतो. उन्हाळ्यात वंगण वितळते, कागदात पसरते, गठ्ठ्यातल्या शेजारच्या काडतुसांना लागते. ज्या बोटांनी वंगणाचे टोक धरायचे, तीच बोटे काडतूस ओठांशी नेणार. आणि आचारधर्मात स्पर्शाचाही विटाळ होता. चव लागण्याची वाट पाहायची गरज नव्हती. काडतूस हाती धरणारा माणूस काडतुसाचा नकाशा काढणाऱ्याहून अधिक जाणत होता.

१९/ दुसरा प्रश्न : वंगण कशाचे? मिश्रणात प्राण्यांची चरबी होती. ती कोणत्या प्राण्याची, यावर कंत्राटात बंधन नव्हते. गाईची चरबी त्यात नसेलच अशी खबरदारी घेतली गेली नव्हती, हे चौकशीत मान्य करावे लागले. १८५३ मध्ये ही काडतुसे हवामान-परीक्षेसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल सैन्याचे अ‍ॅड्जुटंट जनरल टकर यांनी धोक्याची सूचना दिली होती. चरबी हवेत टिकते का, हे तपासले गेले. शिपाई ती हाती धरील का, हे कोणी विचारले नाही.

२०/ मेण आणि तेल यांचे वंगण अशक्य होते काय? मुळीच नाही. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथील कुजबुज वरिष्ठांच्या कानी गेली, तेव्हा लगेच आदेश निघाला, की काडतुसे कोरडी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे वंगण आणून लावावे. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही लागू झाली. म्हणजे पर्याय होते, आणि ते स्वस्तही होते. ते चार वर्षे उशिरा सुचले. तोवर बदल हीच शिपायांच्या दृष्टीने कबुली ठरली होती : काही नव्हते, तर बदलले का?

२१/ संशय एकदा सुटला, की तो वंगणावर थांबत नाही. २६ फेब्रुवारीला बऱ्हामपूरच्या १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली, ती जुन्या बंदुकांची, बिनगोळीची होती. आता कागदाच्या चकाकीवरच आक्षेप होता. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मेरठच्या ३ ऱ्या घोडदळातील ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी भर मैदानात त्यांना बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटले.

२२/ ‘काडतूस हे केवळ निमित्त होते’, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. १८५६ मधील अवधचे विलीनीकरण, त्याच वर्षीचा समुद्रापलीकडे सेवा करण्याची सक्ती आणणारा भरतीचा कायदा, संस्थाने खालसा करण्याचे धोरण, ही कारणे खरीच आहेत. परंतु ‘केवळ निमित्त’ म्हटले, की गोळीच्या निवडीचा प्रश्न टेबलावरून उतरतो. मला वाटते, काडतुसात त्या साऱ्या कारणांचे स्वरूप एकवटले होते : निर्णय दूर कुठेतरी झाला, आणि तो ज्याच्या अंगावर येणार त्याला विचारले गेले नाही. अवधच्या बाबतीत तेच, कायद्याच्या बाबतीत तेच, चरबीच्या बाबतीतही तेच.

२३/ उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहू. ‘सारे काही चरबीच्या अफवेमुळे घडले’ हेही तितकेच अपुरे. बाजारात विटाळाच्या भीतीहून मोठ्या भीती होत्या, आणि अफवा ज्या वेगाने पसरली, त्या वेगाला आधीच तापलेली जमीन लागते. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि त्या धामधुमीत सापडले; त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची वार्ता येते. कलकत्त्याजवळची कुजबुज कोकणातून आलेल्या भिक्षुकाच्या कानापर्यंत पोहोचते, ती केवळ अफवेच्या बळावर पोहोचत नाही.

२४/ आता या नकाराची किंमत. शिपायांनी जी गोळी नाकारली, ती त्या काळातील सर्वोत्तम गोळ्यांपैकी एक होती. बंडात उतरलेल्यांच्या हाती बहुतांशी जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका राहिल्या. समोरच्या अनेक ब्रिटिश पलटणींकडे एन्फिल्ड होत्या. शंभर यार्डांची गोळी विरुद्ध कित्येक शे यार्डांची गोळी. पराभवाची कारणे अनेक आहेत, नेतृत्व, समन्वय, रसद. परंतु हे अंतर त्या यादीत असायला हवे. इमान राखण्यासाठी माणसे काय गमावायला तयार होतात, हे त्या अंतरात मोजता येते.

२५/ आणि एक शेवटचा तपशील. हिंदुस्थानच्या उष्णतेत एन्फिल्डची गोळी किटणामुळे अडते, अशा तक्रारी सैन्यातून आल्याच. तेव्हा १८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५ इंचांवर आणला गेला. मोकळीक जवळजवळ तिप्पट झाली, आणि बुडातील पाचरीमुळे गोळी तरीही फुलून खाचा धरू लागली. वंगणातही मेणाचा वाटा वाढला. म्हणजे बंडाआधीची गोळी या हवेला अयोग्यच होती, धर्माच्या कसोटीवर आणि तंत्राच्याही. हे मान्य व्हायला दोन वर्षे आणि असंख्य प्राण लागले.

२६/ तर ठासणीच्या रायफलीची गोळी कशी निवडावी? जुन्या लोकांच्या अनुभवातून चार प्रश्न निघतात. नळीचा पीळ सैल की घट्ट? शिसे मऊ की मिसळीचे? गोळी व नळी यांत अंतर किती, आणि ते कशाने भरायचे? हवा कशी, आणि तीत कोणते वंगण टिकेल? पाचवा प्रश्न १८५७ ने जोडला : ही गोळी ज्याच्या हाती द्यायची आहे, त्याला ती चालेल का? पहिले चार प्रश्न विचारणारे तज्ज्ञ लंडनमध्ये पुष्कळ होते.

२७/ म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रहालयांनी बंदुकीशेजारी तिची गोळी, गोळ्या पाडायचा साचा, चिंधी वा काडतुसाची प्रतिकृती ठेवावी. हातबनावटीच्या बंदुकांचे व्यास एकसारखे नसत, म्हणून साचा बंदुकीसोबतच चाले. तो हरवला, की बंदूक मुकी होते. आणि तुम्ही तरुण अभ्यासकांनी पुढच्या वेळी पाटी वाचून पुढे सरकू नये. नळीच्या तोंडात डोकावून खाचा आहेत का, किती आहेत, पीळ कसा आहे, ते पाहावे. व्यास दिला असेल तर टिपून घ्यावा.

२८/ पाव मिलिमीटरचे अंतर आणि बोटभर चरबी, एवढ्यातून साम्राज्य हादरू शकते, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण ते अंतर कोणी ठरवले आणि ती चरबी कोणाच्या बोटांना लागणार होती, हे विचारले, की त्यात चमत्कार उरत नाही. तुमच्या गावच्या वा शहराच्या संग्रहालयात ठासणीची बंदूक असेल, तर तिच्या नळीचे वर्णन खाली जरूर लिहा. तिची गोळी कशी असेल, ते आपण मिळून काढू.